शेकरू की आंबोलीचा भेक, जास्त धोक्यात कोण?

प्रश्न: मागच्या महिन्यात भीमाशंकरला गेलो होतो, तिथं मुलीला शेकरू दिसलं. तेव्हापासून तिचं एकच चाललंय, की हा आपला राज्यप्राणी, मग तो संपत चाललाय का? तिची मैत्रीण म्हणते आंबोलीचा एक बेडूक त्याहून जास्त धोक्यात आहे. खरं काय? आणि हे दोघं एकमेकांचे कोण लागतात?
— एक आई, कोथरूड

उत्तर: मैत्रिणीचं बरोबर आहे ताई.

आधी नातं. दोघांनाही पाठीचा कणा आहे, पण नातं तिथंच संपतं. शेकरू सस्तन, त्यातही कृंतक गणातलं, म्हणजे उंदीर, घूस, साळिंदर यांच्या गोतावळ्यातलं, पुढचे दात जन्मभर वाढतच राहतात म्हणून सारखं काही ना काही कुरतडत असतं, आणि कुटुंब आपल्या दारातल्या खारीचंच. आंबोलीचा तो बेडूक म्हणजे नीट बोलायचं तर भेक (इंग्रजीत टोड), उभयचर वर्गातला, त्याच्या गणाचं नाव अनुरा म्हणजे बिनशेपटीचे, आणि इकडे शेकरूची शेपूट अंगापेक्षा लांब!

आता धोका. आययूसीएन ही निसर्गरक्षणाची जागतिक संघटना, तिच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे कुठला जीव किती धोक्यात आहे त्या यादीत, शेकरू 'लीस्ट कन्सर्न' म्हणजे सगळ्यात कमी काळजीच्या गटात आहे कारण ते फक्त भारतात असलं तरी सह्याद्री, सातपुडा, पूर्व घाट असं पसरलंय. याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा मात्र नाही, संख्या घटतेच आहे, ते क्वचितच जमिनीवर उतरतं, फांदीवरून फांदीवर जातं, त्यामुळे मधली चार झाडं तुटली की त्याचा रस्ताच बंद.

भेक मात्र 'क्रिटिकली एंडेंजर्ड' म्हणजे अतिशय धोक्यात, याच्यापुढची पायरी म्हणजे जंगलातून नामशेष. शास्त्रज्ञांनी त्याला वेगळी जात म्हणून नाव दिलं तेच 2009 साली, अंगावरच्या पिवळ्या पट्ट्यांमुळे टायगरिना, म्हणजे वाघासारखा. अंगठ्याएवढा जीव, आणि अख्ख्या जगात राहतो तो आंबोली आणि आसपासच्या थोड्याशा भागात. पावसाळा सुरू झाला की जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, जे उथळ खळगे भरतात त्यात अंडी घालतो, पावसानं मधेच दडी मारली आणि खळगा आटला तर ती पिढी गेली. त्यात भर आपली, कारण नेमकं त्याच दिवसांत आपण धबधब्याला गाड्या घेऊन जातो आणि हे रस्त्यावर चिरडले जातात.

लेकीला घेऊन जुलैत आंबोलीला गेलात तर रात्री गाडी अगदी हळू चालवा, सड्यावर तर नेऊच नका, आणि डबक्यात पाय टाकायच्या आधी तिला वाकून बघू द्या, त्या इंचभर पाण्यात बेडूकमासे असतील.