अप्रेझलमध्ये 'टीम प्लेयर नाही' असा शेरा आलाय. टीमवर्क आणि जुळवून घेण्याची क्षमता कशी वाढवावी?

हाच शेरा मला २०२३ च्या एप्रिलमध्ये मिळाला होता. शब्दही जवळपास हेच. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचला आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. या आठवड्यात थर्ड शिफ्ट आहे, मोशीहून बस पावणेअकराला निघते, तोवर होईल तेवढं लिहितो.

तुम्ही म्हणताय की मॅनेजरने एकही उदाहरण दिलं नाही, नुसतं 'यावर काम करा' म्हणाले. उदाहरण देणारच नाहीत. दिलं तर तुम्ही त्या दिवशी नेमकं काय बोललात ते कागदावर येईल, आणि बहुतेक वेळा तुम्ही बोललेलं खरं असतं. माझं स्पष्ट मत आहे की 'टीम प्लेयर नाही' म्हणजे 'आपलं आधी ठरलं होतं ते सोडून हा भलतंच बोलला'.

माझं काय झालं ते सांगतो. जरा लांबेल.

चाकणला एका कंपनीत क्वालिटीला होतो, नोकरीचं दुसरं वर्ष. ॲल्युमिनियम हाउसिंगची लाईन. कास्टिंग बाहेरून यायचं, आमच्याकडे सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर) मशिनिंग, मग वॉशिंग, मग गेजिंग म्हणजे मोजमाप, मग पॅकिंग. त्यातला जीव म्हणजे ६२ एच-७ चा बोअर, म्हणजे ६२ मिलिमीटरचं गोल भोक, टॉलरन्स म्हणजे चालणारा फरक शून्य ते अधिक ३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). पुढे कस्टमरकडे त्यात बेअरिंग प्रेस होतं.

वॉशिंग मशीनमधून पार्ट निघतो तो चांगला साठ-पासष्ट अंशांना. म्हणून पुढे कूलिंग टेबल, त्यावर दोन पंखे, आणि वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये ओळ : 'गेजिंगपूर्वी ३० मिनिटे थांबावे.' ॲल्युमिनियम अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं. म्हणजे ६२ च्या बोअरला एका अंशाला दीड मायक्रॉनच्या आसपास. ऐकायला काहीच नाही. पण पार्ट मास्टर रिंगपेक्षा (गेज जिच्यावर शून्य करतात ती रिंग) १८ अंशांनी गरम असला की २६ मायक्रॉन नुसते उष्णतेचेच. ३० ची टॉलरन्स तिथेच संपली.

२०२२ चा मे. पत्र्याची शेड, आत ३७ अंश. शनिवारी टेबलाचे पंखे बंद पडले.

नाईटला जे ऑपरेटर होते त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. हिंगोलीकडचे, आयटीआय टर्नर, वय चाळिशीला आलेलं, पण कागदावर अजून कॉन्ट्रॅक्टच. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे आणि मला 'सर' म्हणायचे, त्याची मला सुरुवातीला लाज वाटायची, मग वाटेनाशी झाली. मी जॉइन झालो तेव्हा पहिली गोष्ट त्यांनीच शिकवली. पार्ट उचलायचा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायचा, बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं. 'इथं गरम लागला की गेजला हात लावायचा नाही सर, गेज खोटं बोलतं.' चार वर्षं इंजिनिअरिंग करून मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी रात्री मामांनी इन्स्ट्रक्शनप्रमाणे अर्धा तास थांबून पार्ट मोजला. पण बंद पंख्याखाली, ट्रेवर ट्रे रचलेले, अर्ध्या तासात गार काय होणार? वाचन आलं अधिक ३८. मामा म्हणाले, पार्ट गरम आहे. इन्स्पेक्टर म्हणजे तीन महिन्यांचा ट्रेनी पोरगा, तो घाबरला आणि त्याने सुपरवायझरला फोन लावला. सुपरवायझर झोपेतून म्हणाला, 'वर जातोय ना? मग ऑफसेट दे, गाडी सहाला आहे.' ऑफसेट म्हणजे मशीनच्या सेटिंगमधली दुरुस्ती. बोअर वीस मायक्रॉन खाली आणला. गेजवर १८, एकदम सुरेख. उष्णतेचे २६ वजा केले तर खरा आकार उणे आठ, म्हणजे भोक लहान.

त्या रात्रीचे २४० नग गेले. कस्टमरच्या लाईनवर बेअरिंग बसताना प्रेसचा लोड वर जायला लागला, मशीन पार्ट नाकारायला लागलं, आणि दुपारी बारा वाजता माझा फोन वाजायला लागला तो दोन दिवस थांबला नाही.

आता टीमवर्क. त्यांच्या स्टोअरमध्ये आमचा आधीचा माल होता, त्यात हा मिसळला. नऊशेच्या वर हाउसिंग हाताने मोजायची होती. मी, तो ट्रेनी आणि मामा, असे तिघे दोन रात्री त्यांच्या गोडाऊनच्या एका कोपऱ्यात बसलो. मामांना कुणी पाठवलं नव्हतं, स्वतःहून आले. एक ट्रे उतरवायचा, एक मोजायचा, एक मार्करने ठिपका द्यायचा. दर तासाला जागा बदलायच्या, कारण बोअर गेज धरून मनगट जातं आणि डोळे तर आधीच गेलेले असतात. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. पहाटे चार वाजता बाहेरच्या टपरीवर पोहे आणि चहा, मामा पैसे देऊ देईनात. १८७ नग खराब निघाले, बाकीचे हिरवा ठिपका देऊन परत रॅकमध्ये. पाच वर्षांच्या नोकरीत त्याहून चांगली टीम मी बघितलेली नाही, आणि त्यात ना ॲजेंडा होता ना आइसब्रेकर.

मग आली एट-डी भरायची वेळ, म्हणजे कस्टमरच्या तक्रारीवर द्यायचा आठ टप्प्यांचा रिपोर्ट.

ही पद्धत फोर्डने १९८७ मध्ये आणली, आणि नावातच 'टीम' आहे : टीम ओरिएंटेड प्रॉब्लेम सॉल्व्हिंग. डी-१ म्हणजे टीम बनवा. डी-८ म्हणजे टीमचं अभिनंदन करा. मधल्या डी-४ मध्ये मूळ कारण. आमच्या कागदावर डी-१ मध्ये सहा नावं होती. त्यातले चार जण त्या गोडाऊनच्या गेटपर्यंतसुद्धा आले नव्हते. मामांचं नाव टीममध्ये नव्हतं. ते डी-४ मध्ये होतं. 'ऑपरेटरने वर्क इन्स्ट्रक्शनचे पालन केले नाही.' उपाय : पुनर्प्रशिक्षण, आणि संबंधित कामगारास लाईनवरून हटवले.

मी केलेल्या ड्राफ्टमध्ये पंखे होते. लॉगबुकमध्ये शनिवार, रविवार, सोमवार अशा तीन रात्री मामांच्या अक्षरात ओळ होती, 'फॅन बंद. पार्ट गरम.' मी त्या पानाचा फोटोही जोडला होता. मॅनेजर म्हणाले, पंखा लिहिला तर ते मेंटेनन्सचं सगळं रेकॉर्ड मागतील, ऑडिट लावतील, संध्याकाळपर्यंत क्लोजर हवंय, ॲडजस्ट कर. आणि मग त्यांनी त्या फोटोवर बोट ठेवलं. प्रत्येक नोंदीखाली सकाळच्या शिफ्टची सही होती. माझी. तिन्ही दिवस न वाचता केलेली.

मी ॲडजस्ट केलं. सही केली. शुक्रवारी मामांचा गेटपास बंद झाला.

तुम्ही 'जुळवून घेण्याची क्षमता' विचारलीत ना, ती ही. मला त्या दिवशी भरपूर होती.

फाईव्ह-व्हाय, म्हणजे मूळ कारण सापडेपर्यंत पाच वेळा 'का' विचारणं, सगळ्यांना शिकवतात, टोयोटाच्या तायइची ओनोंचं नाव घेऊन. पण ओनोंनी दिलेलं उदाहरण बघा : मशीन बंद का पडलं, फ्यूज उडाला. का, बेअरिंगला तेल कमी. का, पंप नीट ओढत नाही. का, शाफ्ट झिजला. का, गाळणी नव्हती म्हणून कीस आत गेला. पाच 'का' आणि एकाही माणसाचं नाव नाही. आमच्याकडे दुसऱ्या 'का'लाच माणूस सापडतो, तोही कायम कॉन्ट्रॅक्टवालाच सापडतो, आणि मग सगळ्यांना चहा येतो.

शेऱ्याकडे येतो. सहा-सात महिन्यांनी कस्टमरचा ऑडिटर आला. टेबलापाशी उभं राहून त्याने साधा प्रश्न विचारला : पंख्यांची तपासणी रोजच्या चेकशीटमध्ये कुठे आहे? सगळे गप्प. मी म्हणालो, नाहीये, आणि मे महिन्यात ते चार दिवस बंद होते. एवढंच. ऑडिटरने लिहून घेतलं, आम्हाला एक मायनर एनसी (छोटी त्रुटी म्हणून नोंद) मिळाली, पंधरा दिवसांत चेकशीटमध्ये ओळ वाढली, काम संपलं. कुणाचा बिझनेस गेला नाही. पण परतताना गाडीत माझ्याशी कुणी बोललं नाही आणि एप्रिलमध्ये फॉर्मवर तो शेरा.

तेव्हा माझा एक रूममेट होता, त्याच बॅचचा, त्याच कंपनीत प्रॉडक्शनला. त्याच्याशी या विषयावर इतकं वाजलं की शेवटी मी खोली बदलली. तो म्हणायचा, 'तू सही केलीस तेव्हा कुठे गेली होती रे नीतिमत्ता? सहा महिन्यांनी ऑडिटरसमोर शूर व्हायला काय लागतं?' हे लागायचं, कारण खरं होतं. पुढे म्हणायचा, 'मामांना चार दिवसांत दुसरीकडे काम लागलं, उगाच ओझं घेऊन फिरू नकोस.' काम लागलं हेही खरं. पण कुठे ते तो सांगत नाही. बारा तासांची शिफ्ट, कॅन्टीन नाही, बस नाही. तळेगाव चौकात भर ट्रॅफिकमध्ये मला एकदा दिसले, सायकल हातात धरून चालले होते. मी कंपनीच्या बसमध्ये एसीत बसलो होतो. उतरलो नाही.

आणि त्याचं शेवटचं वाक्य : 'टीम म्हणजे जे तुझं अप्रेझल भरतात ते.' तो आज सीनियर इंजिनिअर आहे, त्यामुळे त्याच्या दृष्टीने वाद मिटलाय. माझ्या नाही. अरे, पंखा बंद आहे हे तीन रात्री लिहिणारा माणूस टीममध्ये नव्हता, तर मग होता कोण? फोनवर झोपेत 'ऑफसेट दे' म्हणणारा? की मी, सही करून चहाला जाणारा?

असो. तुमचा प्रश्न राहिला.

मॅनेजरला मेल टाकून विचारा की कोणत्या प्रसंगावरून हे लिहिलंय, तारीख सांगा. तोंडी नको. भांडणाच्या सुरात नको, 'मला सुधारायचंय' असं म्हणूनच विचारा. उत्तर आलं तर तुम्हाला काहीतरी कळेल, नाही आलं तरी कळेल. हँडओव्हर (आधीच्या शिफ्टची नोंद) वाचल्याशिवाय सही करू नका. मी आता तीन ओळी असोत की तीन पानं, उभं राहून वाचतो आणि बस चुकली तर चुकली. आणि ज्यांचं नाव कधीच मेलच्या सीसीमध्ये नसतं त्यांच्याशी रोज दहा मिनिटं बोला. टीमवर्क वाढवायचा मला माहीत असलेला हा एकच मार्ग. फॅसिलिटेटर येऊन रिसॉर्टवर दोरी ओढायला लावतो त्याने फक्त गुरुवारची सुट्टी जाते.

शिफ्ट दर आठवड्याला फिरणं, झोपेचं खोबरं, रात्री अकराला ग्रुपवर 'प्लीज कन्फर्म', याला जुळवून घ्यावंच लागतं आणि ते जमतंही. खिडकीला जाड पडदा लावा आणि ग्रुप म्यूट करा. त्याबद्दल मला विशेष काही म्हणायचं नाही.

आता थोडं मागे येतो, नाहीतर तुम्ही उद्या राजीनामा द्याल. मी प्लांटमधला माणूस आहे. तुम्ही आयटीत किंवा बँकेत असाल तर तिथली गणितं वेगळी असतील. माझा मॅनेजर व्हिलन नव्हता. कस्टमरची लाईन थांबल्याचं डेबिट (त्यांनी आमच्या बिलातून कापायचे पैसे) त्याच्या डोक्यावर होतं, आणि घरी त्याचे वडील आजारी होते हे मला फार नंतर कळलं. शिवाय पहिल्या वर्षी मी खरोखरच वाईट सहकारी होतो. मेंटेनन्सच्या लोकांवर ओरडायचो, हँडओव्हरमध्ये 'ऑल ओके' लिहून निघायचो. तेव्हा तो शेरा कुणी दिला नाही, पण द्यायला हवा होता. तेव्हा तुमच्या बाबतीतही शेरा कदाचित बरोबर असेल, हे धरून चाला. तो मेल त्यासाठीच.

बसचा हॉर्न वाजला. एकच राहिलं. फॉर्मच्या शेवटी 'एम्प्लॉयी कमेंट्स' नावाचा रकाना असतो. मी तो रिकामा सोडून सही केली होती, तीही न वाचता केलेल्या सह्यांसारखीच. तुम्ही त्यात लिहा. इंग्रजीत सुचत नसेल तर मराठीत लिहा. आमच्या एचआरच्या मॅडम जळगावच्या होत्या, तुमच्याकडेही कुणीतरी असेलच.