मुलगा आयोवात घर घेतोय, बाग विकू का?

प्रश्न: मुलगा अमेरिकेत आयोवात असतो, तिथे एका छोट्या गावात घर बघतोय. म्हणतो खेड्यातल्या घराला सरकारी हमीचं लोन मिळतं, पण आपल्याला बसेल का माहीत नाही. डाऊन पेमेंटसाठी मी इथली कलमांची बाग विकायला काढू का?
– एक वाचक, देवगड

उत्तर: काका, बाग अजिबात काढू नका. हे लोन यूएसडीएचं, म्हणजे तिथल्या कृषी खात्याचं, पैसे बँकच देते आणि खातं जामीन राहतं, म्हणून डाऊन पेमेंट शून्य असलं तरी चालतं, 1 टक्का हमी फी लागते ती पण लोनमध्येच धरता येते, शिवाय दरसाल 0.35 टक्के. कागदपत्रांचा वगैरे खर्च मात्र वेगळा.

खरी मेख पुढे आहे. मुलाकडे ग्रीन कार्ड आहे का ते आजच फोन करून विचारा, नुसता एच-वन-बी व्हिसा असेल तर विषयच संपला, हे लोन त्याला मिळणार नाही. दुसरं म्हणजे सूनबाई नोकरी करत असेल तर तिचं नाव लोनवर नसलं तरी पगार धरतात, आणि मर्यादा साधारण त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या 115 टक्क्यांपर्यंत, घरात माणसं किती तेही बघतात. दोघं चांगले कमावते असले की बरेच जण इथेच अडकतात हो.

आजूबाजूला मक्याची शेतं दिसली म्हणून गाव बसतंच असं नाही, यूएसडीएच्या वेबसाइटवरच्या नकाशात घराचा पूर्ण पत्ता टाकून बघायला सांगा. आणि घर राहायलाच हवं, भाड्याने द्यायला घेतलेलं चालत नाही.