आधी डॉक्टर, मग डिग्रीचा निर्णय

(तासगाव तालुक्यातल्या एका आईचं पत्र. मुलगा पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला, आता शेवटच्या वर्षात जाणार. मार्च २०२० पासून घरीच. एप्रिलमध्ये आजोबा कोरोनाने गेले. तेव्हापासून तो रात्रभर जागतो, दुपारी उठतो, लेक्चरला कॅमेरा बंद ठेवतो. ‘ऑनलाइनच्या डिग्रीला कोण विचारणार? शिक्षण सोडतो,’ म्हणतो. वडिलांच्या मते ही नाटकं आहेत. – जुलै २०२१)

ताई,

पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की त्याने मित्रांचे फोन घेणं आणि संध्याकाळचं क्रिकेटही सोडलंय. मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. आळशी मुलगा अभ्यास टाळतो, क्रिकेट टाळत नाही. आवडीच्या गोष्टी सुटणं, झोप बिघडणं, जेवण कमी होणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. मिरजेच्या सिव्हिलमध्ये तो विभाग आहे. फोनवर बोलायला शिक्षण मंत्रालयाची ‘मनोदर्पण’ सेवा आहे : ८४४८४४०६३२. आणि ‘जगावंसं वाटत नाही, असं मनात येतं का?’ हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आजोबांचे दिवसही नीट करता आले नसतील. त्यांच्याबद्दल घरात बोलणं होतं का? वडिलांनीच सुरुवात केली तर उत्तम. त्यांचेही वडीलच गेलेत.

आता डिग्रीचं. गेल्या वर्षी राज्य सरकारला अंतिम वर्षाच्या परीक्षाच नको होत्या. २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हवं तर परीक्षा पुढे ढकला, पण परीक्षेशिवाय पदवी नाही. मुलं तेव्हा चिडली होती आणि साथ पाहता त्यांचा राग मला समजतो. पण त्यामुळेच या काळातल्या पदवीला ‘परीक्षा न देता मिळाली’ असं कुणी म्हणू शकत नाही. एकट्या टीसीएसने यंदा ४० हजारांहून जास्त फ्रेशर घेऊ असं जाहीर केलंय, आणि तिथे मेकॅनिकलची मुलंही घेतात.

वर्कशॉप बुडालं, हे मात्र खरं. लेथ मशीनला हात न लावता मेकॅनिकल शिकता येत नाही. ती कसर काढायला पदवीनंतर केंद्राच्या योजनेतून वर्षभराची अप्रेंटिसशिप करता येते. पदवीधराला (२०२१ च्या नियमाने) महिना किमान ९ हजार स्टायपेंड मिळतो आणि कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकायला मिळतं. कॉलेज उघडल्यावर जादा प्रॅक्टिकल घेणार का, हेही विभागप्रमुखांना विचारून ठेवा.

पण यातलं काहीही त्याला आज ऐकवू नका. शिक्षण सोडायचं की नाही, हा विषय दिवाळीपर्यंत घरात बंद. फी भरा, प्रवेश चालू ठेवा. उपचार सुरू झाल्यावर त्याला दुकानच टाकायचं असेल तर पुन्हा लिहा, दुकानाचंही बघू.