गाडीचं विचारा: पार्ट कंपनीचाच घ्यायचा की बाहेरचा?

प्रश्न: दादा नमस्कार, माझी 2016 ची वॅगन आर आहे, रनिंग लाखाच्या घरात गेलंय. क्लच जड झालाय, घाटात इंजिन नुसतं ओरडतं पण गाडी ओढत नाही, आणि पुढचे ब्रेक पॅडपण संपलेत. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट बघून घरी आकडा सांगायची हिंमत झाली नाही. आमचा गॅरेजवाला म्हणतो निम्म्यात करून देतो, माल कंपनीचाच, फक्त डबा वेगळा. खरं असतं का हे? (एक वाचक, सातारा)

उत्तर: खरं असू शकतं आणि चक्क थापपण असू शकते, सगळं त्या डब्यावर कुणाचं नाव आहे त्यावर आहे. गाडीची कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही हो. क्लच व्हॅलिओ, लूक, एक्सेडी असल्या कंपन्या बनवतात, शॉकॲब्सॉर्बर गॅब्रिएलसारखे, लाईट लुमॅक्ससारखे. हेच लोक गाडीच्या कंपन्यांनाही माल देतात आणि स्वतःच्या नावाच्या डब्यात बाजारातही विकतात, तो डबा बऱ्याचदा स्वस्त पडतो. म्हणून गॅरेजवाल्याला 'ओरिजिनल आहे का' असं विचारूच नका, तो हो म्हणणारच. 'कुठल्या कंपनीचा टाकणार, डबा दाखव' असं विचारा. नाव सांगायला तो घुटमळला तर समजून जा.

आता तुमच्या क्लचचं. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मजुरीच दणकून लागते. तिथे हलकी प्लेट टाकली आणि वर्षात परत घसरायला लागली तर पार्टमध्ये वाचवलेलं सगळं मजुरीत गेलं, वर गाडी दोन दिवस गॅरेजला. जिथे मजुरी जास्त तिथे पार्टमध्ये कंजुषी नको, हा माझा साधा हिशोब आहे. आणि क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदला, नुसती प्लेट बदलून देतो म्हणाला तर ऐकू नका. नावाजलेल्या कंपनीचा पूर्ण सेट असेल तर गॅरेजमध्ये करायला माझी काहीच हरकत नाही.

ब्रेक पॅडला मात्र मी फार कडक आहे. जेन्युइन, म्हणजे गाडीच्या कंपनीच्या डब्यातलेच घ्या नाहीतर ब्रेक बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीचेच घ्या, मधलं काही नको. हातात घेऊन बघा, बऱ्याच चांगल्या पॅडच्या कडेला बनवणाऱ्याचा कोड छापलेला असतो आणि त्याच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात, एफएफ किंवा जीजी असं काहीतरी. पहिलं अक्षर साधारण तापमानाला पॅडची पकड किती ते सांगतं आणि दुसरं पॅड तापल्यावर किती, ई पेक्षा एफ जास्त, एफ पेक्षा जी. तुम्ही साताऱ्याचे, म्हणजे खंबाटकी उतरणार, महाबळेश्वरला जाणार, तिथे ते दुसरं अक्षर कामाला येतं. डुप्लिकेट पॅड गल्लीत छानच लागतात हो, लांब उतारावर तापले की पकड सोडतात आणि ब्रेक कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही.

एअर फिल्टर, वायपर, बल्ब यात चांगल्या कंपनीचा बाहेरचा माल बिनधास्त टाका. ऑइल फिल्टर दिसतो किरकोळ, पण त्यात एक रबरी व्हॉल्व्ह असतो, गाडी बंद असताना ऑइल खाली उतरू नये म्हणून. लोकल फिल्टरमध्ये तो धड नसला की सकाळी स्टार्ट मारल्यावर इंजिन थोडा वेळ टकटक करतं. तिथे शंभर-दीडशे वाचवून काय मिळवायचं?

प्रश्न: नवीन गाडी आहे, दीड वर्ष झालं. बाहेर काही बसवलं की वॉरंटी गेली असं शोरूमवाले सांगतात, घाबरवतात का नुसतं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: थोडं घाबरवतात, थोडं खरं आहे. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड लावला होता, कारण काय तर सुटे पार्ट खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, बाहेरच्या गॅरेजची अडवणूक करतात. गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका असंही त्यात बजावलं होतं. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. कागदावर हे ठीक आहे, पण काउंटरवर कोण भांडणार? वॉरंटी आहे तोवर सर्व्हिस तिथेच करा, बिलं जपून ठेवा. आणि वायरिंग कापून काही बसवू नका, लाईट, हॉर्न, कॅमेरा काहीही असो, कपलरवाला, म्हणजे वायर न कापता नुसता जोडायचा सेट घ्या. कापलेली वायर दिसली की इलेक्ट्रिकलचा क्लेम तिथेच अडकतो.

प्रश्न: पुढून ठोकली गाडी, बंपर आणि हेडलाईट गेलं. इन्शुरन्समध्ये टाकू की बाहेरचा बंपर लावू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: झिरो डेप, म्हणजे पार्ट जुना झाला म्हणून क्लेममध्ये कपात न करणारं जादा कव्हर, आहे का ते आधी बघा. नसेल तर प्लॅस्टिकच्या पार्टचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून, गाडी कितीही नवी असली तरी. काचेला कपात नाही, पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे. त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट, जाणार, म्हणून छोट्या कामाला बेरीज-वजाबाकी करूनच क्लेम टाका.

बाहेरचा बंपर स्वस्त असतो पण क्लिपा नीट बसत नाहीत, फेंडरपाशी फट राहते, मग मिस्त्री स्क्रू मारून बसवतो आणि खड्ड्यात खडखड चालू. जुनी गाडी असेल तर चालवून घ्या. आतला लोखंडी बीम वाकला असेल तर तो मात्र जेन्युइनच टाका, धडक तोच आधी झेलतो. एअरबॅग किंवा तिचा सेन्सर भंगारातला कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर हात जोडा.

प्रश्न: स्कूटरचा बेल्ट लोकल चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: नको. तुटला की गाडी जागेवर, ढकलत घरी. रोलरपण सोबत चेक करा. बिल जीएसटीचं घ्या, आता पार्टवर 18 टक्केच आहे, आणि जुना बेल्ट परत मागा, बदललाय की नुसता पुसून बसवलाय ते कळतं.