ऐरोलीतील १० × १२ फुटांच्या हॉलसाठी तीस हजारांत होम थिएटर: पाच स्पीकर घ्यावेत की दोन, आणि महागडी वायर लागते का?

पाच स्पीकरांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा पुढचे दोन चांगले स्पीकर आणि सबवूफर (खर्जाच्या आवाजाचा वेगळा स्पीकर) जोडण्याची सोय असलेला अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. महागड्या वायरची गरज नाही, १.५ चौरस मिमीची शुद्ध तांब्याची साधी स्पीकर वायर पुरते. अशा वायरचा रोध (विजेच्या वाहण्याला होणारा अडथळा) मीटरला सुमारे ०.०१२ ओहम असतो, त्यामुळे स्पीकर १० मीटरवर असला तरी जाऊन-येऊन २० मीटरचे ०.२४ ओहम, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरच्या ३ टक्केच होतात, आणि तेवढ्याने कानाला फरक जाणवत नाही. खरी फसगत वेगळीच असते: स्वस्त वायरमध्ये तांब्याचा नुसता मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम सर्रास आढळते, म्हणून दुकानातच टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडावी आणि आतून पांढरट दिसल्यास ती वायर मुळीच घेऊ नये. जोडताना दोन्ही स्पीकरांची प्लस-मायनस टोके नीट जुळवावीत. एकाची उलटी लागली तर खर्जाचा आवाज क्षीण होतो आणि दोष विनाकारण स्पीकरवर येतो. मात्र स्पीकर ४ ओहमचे असतील, किंवा भिंतीच्या कडेने फिरवून वायर १५ मीटरपर्यंत न्यावी लागणार असेल, तर २.५ चौरस मिमीची घ्यावी.