चाळिशीत मैत्रीण होत नाही, माझ्यातच खोट आहे का?

"मॅडम, पुण्यात येऊन तीन वर्षं झाली. हक्काने फोन करावा अशी एक मैत्रीण नाही. माझ्यातच काही खोट आहे का?"

समोरच्या बाई एकोणचाळीस वर्षांच्या, नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आलेल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो आणि प्रत्येक जण तो आवाज खाली आणूनच विचारतो. त्या 'खोट' शब्दाने मला दरवेळी वाईट वाटतं.

मी विचारलं, "पूर्वी कुणी जिवाभावाची होती?"

चेहरा एकदम खुलला. "होती ना! आम्ही दोघी एसटीने तालुक्याच्या शाळेत जायचो. आधी पोचेल तिने खिडकीतून रुमाल टाकून दोघींची जागा धरायची. चाळीस मिनिटं जाताना, चाळीस येताना."

कागदावर हिशेब मांडला. शाळेचे दिवस दोनशे धरले तरी एका वर्षात अडीचशेच्या वर तास!

जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाने २०१८ साली नव्या जागी राहायला आलेल्यांचा अभ्यास केला होता. त्याच्या अंदाजाने साधी मैत्री जमायला ५० च्या आसपास तास लागतात, जिवलग व्हायला २०० च्या वर. नुसत्या एकत्र कामाच्या तासांचा फारसा उपयोग होत नाही.

"आता समोरच्या फ्लॅटमधल्या ताईंचा हिशेब करा."

"लिफ्टमधलाच वेळ. सगळा मिळून तासभर असेल."

"काय बोलता?"

"त्या विचारतात, कशा आहात? मी म्हणते, मजेत."

खरी अडचण इथे होती. अल्टमन आणि टेलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलं की जवळीक थराथराने वाढते. एकाने थोडं मन उघडलं की दुसराही तेवढंच उघडतो. 'घरातलं बाहेर सांगू नये' या शिकवणीत वाढलेल्या बाईला पहिला थर उलगडणंही जड जातं. सगळं एकदम ओतू नका, त्याने समोरचं माणूस बिचकतं, असंही मी बजावलं. एक खरं वाक्य पुरे.

तीन आठवड्यांनी त्या आल्या. वडिलांचे रिपोर्ट आले त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये 'मजेत' तोंडातून निघालंच नाही. "आज मन लागत नाहीये," एवढंच म्हणाल्या. ताईंनी आपल्या मजल्यावर दार धरून ठेवलं. "आत या. माझ्या आईचंही असंच झालं होतं."

आता दर गुरुवारी दोघी भाजीला बरोबर जातात.

"किती तास झाले?" मी विचारलं.

"सहा," त्या म्हणाल्या. त्यांनी मोजले होते.