बंद पडलेल्या एनईएसच्या केसमध्ये केस न कापता रास्पबेरी पाय ४ बसवता येईल का? मूळचं पॉवर बटण चालेल का?

तुम्ही लिहिलंय की निंटेन्डोचा जुना एनईएस (टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं मशीन) आहे, चालू केला की लाल लाईट नुसती लुकलुकते आणि गेम काही येत नाही. म्हणून आतलं सगळं काढून रास्पबेरी पाय ४, म्हणजे जुने गेम चालवू शकणारा छोटा एका बोर्डाचा संगणक, बसवायचा, केसला करवत लावायची नाही आणि पुढचं बटण मात्र खरोखर चाललं पाहिजे.

जमतं. मी केलंय, एकदा चुकून आणि मग एकदा नीट.

पण आधी जरा थांबा. लाईट लुकलुकते म्हणजे मशीन मेलं असं नाही. त्या बोर्डावर १०एनईएस नावाची कुलूप लावणारी चिप असते. गेमच्या कार्ट्रिजमधल्या तिच्या जोडीदार चिपशी तिचं बोलणं झालं नाही, की ती साधारण दर सेकंदाला मशीन रीसेट करत बसते. तीच ती लुकलुक. बहुतेक वेळा दोष असतो ७२ पिनांच्या सॉकेटचा. कार्ट्रिज आत सरकवून खाली दाबायची, असं वर्षानुवर्षं करून पिना सैल पडतात आणि मळतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कार्ट्रिजच्या पट्ट्या पुसा, सॉकेट काढून साफ करा, नाहीतर नवीन घाला. चालू झालं तर कृपा करून त्याचं पोट फाडू नका. कोणाकडून तरी खरंच मेलेलं मशीन मिळवा आणि त्याची केस वापरा. माझ्या बोर्डावर कधीतरी पाणी गेलं होतं, तांब्याच्या रेघा हिरव्या पडल्या होत्या, म्हणून मला वाईट वाटलं नाही.

आता मेलेलंच आहे असं धरून सांगतो.

केस उलटी करा, खाली सहा साधे फिलिप्स स्क्रू आहेत. (सुपर निंटेन्डो असता तर ४.५ मिलिमीटरचा खास गेमबिट ड्रायव्हर लागला असता. आणि हे वाचणारा कोणी पहिल्या प्लेस्टेशनच्या मागे लागला असेल तर त्याने जपून: त्याचा पॉवर सप्लाय पेटीच्या आत असतो, प्लग काढल्यावरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतका चार्ज राहू शकतो. एनईएसचा अडॅप्टर बाहेर असतो, त्यामुळे ती भीती नाही.) आत पत्र्याचं आवरण दिसेल. ते रेडिओ लहरी अडवायलाच बसवलेलं आहे आणि ते काम ते तुमच्या वायफायवरही इमाने-इतबारे करतं. ते काढून टाका. टाका म्हणजे खोक्यात जपून ठेवा.

पाय बसवायचा कसा? पायचा बोर्ड ८५ बाय ५६ मिलिमीटर, त्याची भोकं ५८ बाय ४९ वर, एम २.५ च्या स्क्रूची. केसमधले प्लास्टिकचे खांब जुन्या बोर्डाच्या मापाचे, म्हणजे एकही जुळणार नाही. इथे लोक गरम गोंदाची बंदूक उचलतात. उचलू नका, पाय तापला की गोंद मऊ पडतो आणि पुढच्या वेळी बोर्ड सोडवताना रडायची पाळी येते. काढलेला जुना बोर्ड कागदावर ठेवा, पेन्सिलीने कड आणि भोकं गिरवून घ्या, आणि तो आकार तीन मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिकवर किंवा प्लायवर कापा. ही पाटी जुन्याच भोकांत जुन्याच स्क्रूंनी बसते. तिच्यावर स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) लावून पाय कुठेही, कसाही फिरवून बसवा. केसला एकही नवीन भोक नाही. माझ्या मते या सगळ्या उद्योगातली खरी कारागिरी एवढीच.

पायचे पोर्ट केसच्या कडेपर्यंत आणायच्या नादाला लागू नका. पाय मधोमध राहू दे, वायरी कडेला जाऊ देत. मागे आणि उजव्या बाजूला आरएफ (टीव्हीच्या अँटेनाची जोडणी), अडॅप्टर, व्हिडिओ आणि ऑडिओच्या जुन्या खाचा आहेत. त्यांच्या मापाची प्लास्टिकची पट्टी कापून तिच्यावर पॅनेलला बसणारी एचडीएमआयची आखूड एक्स्टेंशन केबल लावा. पाय ४ ला मायक्रो एचडीएमआय असतं, ते बघून घ्या. पॉवरची यूएसबी-सी वायर मी तशीच अडॅप्टरच्या भोकातून आत घेतली आणि आत झिप टायने बांधली, म्हणजे कोणाचा पाय अडकला तरी ओढ बोर्डावर येत नाही. आणि जुना अडॅप्टर आजच्या आज दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. तो ९ व्होल्ट देतो, आणि तेही एसी. पायला हवेत ५ व्होल्ट डीसी, ३ अँपिअर.

आता बटण. इथेच मी माती खाल्ली होती.

पहिल्यांदा वाटलं, पॉवर बटण आहे तर पॉवरच तोडू दे. ५ व्होल्टची वायर बटणातून फिरवली, त्यासाठी बटणाच्या मूळच्याच बारीक वायरी वापरल्या. पाय चालू झाला, पण गेम सुरू केला की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह. व्होल्टेज ४.६३ च्या खाली घसरलं की पाय ती खूण दाखवतो. त्या केसासारख्या वायरीत आणि जुनाट संपर्कात तेवढं सहज वाया जात होतं. तेही मी चालवून घेतलं. पण घरातले सगळे टीव्ही बंद करावा तसं ते बटण खटकन बंद करायचे, आणि काही दिवसांतच एसडी कार्डाची फाईल सिस्टिम गेली. लिहिणं चालू असताना वीज गेली तर दुसरं काय होणार.

योग्य मार्ग असा की बटणाने वीज तोडायची नाही, फक्त निरोप द्यायचा. पायवर बाहेरच्या वस्तू जोडायला ४० पिना असतात. त्यांत पाचवी पिन जीपीआयओ ३ (सॉफ्टवेअरने वापरता येणारी पिन) आहे, तिच्या शेजारची सहावी ग्राउंड. पाय बंद होऊन पडलेला असताना या दोन पिना क्षणभर जोडल्या की तो उठतो. आणि कॉन्फिग फाईलमध्ये ‘जीपीआयओ-शटडाउन’ हा ओव्हरले (तयार सेटिंग) घातला की चालू असताना त्याच पिना जोडल्यावर तो शहाण्यासारखा आवरून बंद होतो. म्हणजे दोन वायरी आणि एक ओळ, बस. यात करंट नगण्य असतो, म्हणून मूळच्या बारीक वायरीही चालतात. एकच अट: हीच पिन आय-टू-सी, म्हणजे सेन्सरसारख्या चिपांशी बोलायच्या जोडणीसाठीही असते, त्यामुळे तिच्यावर दुसरं काही जोडलेलं नको. (पाय ५ असता तर त्याला स्वतःचं पॉवर बटण असतं, आणि बाहेरचं बटण जोडायला जे२ नावाची जागाही.)

अडचण अशी की एनईएसचं पॉवर बटण दाबलं की आत अडकून राहतं. रीसेटचं मात्र दाबलं की परत वर येतं. आपल्याला दुसऱ्या जातीचं हवं. सोपा उपाय म्हणजे रीसेटलाच पॉवर करा आणि विसरा. मला ते बोचत होतं, म्हणून पॉवरचा स्विच उघडला. अशा स्विचांत बारीक तारेचा एक आकडा असतो, तोच बटण अडकवून ठेवतो. तो काढला की बटण दाबून सोडायच्या जातीचं होतं. आतली स्प्रिंग उडते, तेव्हा हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून करा. मी तो आकडा कागदात गुंडाळून केसच्या आतच चिकटवलाय, उद्या कोणाला मूळचं करायचं असेल तर. रीसेट बटण वेगळ्या पिनवर घेऊन गेममधून बाहेर पडायला ठेवलंय.

पुढचे कंट्रोलर पोर्टही चालवता येतात. त्या जुन्या कंट्रोलरमध्ये ४०२१ नावाची एकच शिफ्ट रजिस्टर चिप असते. लॅचचा इशारा दिला की ती आठही बटणांची स्थिती पकडते आणि क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एक एक सांगते, ए पासून सुरू करून राईटपर्यंत. पण तिला थेट पायला जोडणार असाल तर ३.३ व्होल्टच द्या. ५ दिलेत तर डेटाच्या वायरीवरही ५ येतील आणि पायच्या पिना ते सोसत नाहीत. एवढा खटाटोप नको असेल तर तयार यूएसबी कन्व्हर्टर आत लपवा.

उष्णतेचं फार मनावर घेऊ नका. केस पायच्या मानाने वाडा आहे. हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) लावा, वरच्या जाळीखाली जागा द्या. ८० अंशांच्या आसपास पाय स्वतःच वेग कमी करायला लागतो, तिथपर्यंत जात असेल तर ४० मिलिमीटरचा छोटा पंखा. प्लास्टिक पिवळं पडलंय म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवणारे लोक आहेत. मी नाही उजळवलं, म्हातारं आहे तर म्हातारं दिसू दे.

राहिली लाल लाईट. तिला आठवी पिन, म्हणजे जीपीआयओ १४, आणि वाटेत ३३० ओहमचा रेझिस्टर. कॉन्फिगमध्ये युआर्ट (त्या पिनवरचं सिरीयल पोर्ट) चालू केलंत की पाय जागा असेपर्यंत लाईट पेटलेली राहते आणि पूर्ण बंद झाल्यावरच विझते, म्हणजे प्लग कधी काढायचा ते कळतं. फक्त ती पिन सिरीयल कन्सोलची, म्हणजे पायचे संदेश वायरीने बाहेर पाठवायची असल्यामुळे बूट होताना तिच्यावरून अक्षरं जात असतात, आणि तेवढा वेळ लाईट लुकलुकते. घाबरून लगेच केस उघडू नका, मी उघडली होती.